बेवारस डोकेदुखी

८ जानेवारी, गुरुवार

कमल दारातूनच ओरडली, "बाई, मी लई आजारी हाय!" आणि हसत पायरीवर बसली. हातात केसपेपर, घड्या पडून पडून फाटायला आलेला.

शेजारीण. रसायनीत ठेकेदाराकडे पॅकिंगला जाते, सुट्टी गुरुवारची. नोव्हेंबरातल्या ग्रामसभेपासून ती दर गुरुवारी आरोग्य केंद्रात जाते, आख्ख्या आळीची दुखणी स्वतःची म्हणून सांगते आणि सगळ्यांच्या गोळ्या पिशवीत घालून आणते. कामावर जाणाऱ्या बायकांना प्रत्येकी एक खाडा परवडत नाही, म्हणून ही सोय. हसीना आपाचे गुडघे, कमलच्या सासूचा खोकला, कुणाची खाज, कुणाचं पित्त. सगळं एका कागदावर, एका बाईच्या अंगात. मला हे आज कळलं!

आज डॉक्टरीणबाईंनी कागद उलटसुलट केला. सहा गुरुवार, सहाही वेळा डोकं. कमलला बसवलं, बीपी घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली. सगळं ठीक. म्हणाल्या, "वय पस्तीस, गुडघे सत्तरीचे, खोकला ऐंशीचा. आता खरं सांगा."

कमलने सांगितलं. रागावल्या नाहीत म्हणे. बाकीच्या गोळ्या दिल्या, डोक्याच्या बंद. "इथून एवढ्या जातात, बाहेरून आणखी किती घेत असेल कोण जाणे. एकच माणूस खात असेल तर त्याच्या डोक्यात काय आहे आणि लिव्हर-किडनीत काय चाललंय, ते मला बघायचंय. ज्याचं डोकं आहे त्याला आणा."

"मग आण की," मी म्हटलं.

"कुनाला आनू? मलाच म्हाईत नाय. दर टायमाला येगळीच बाई सांगते, डोक्याची आन गं. मी आनते."

म्हणजे आळीत एक डोकं दुखतं आहे आणि त्याला मालक नाही.

९ जानेवारी

यात माझा हात आहे, हे लिहून ठेवते. ग्रामसभेत गरजले होते: "मेडिकलची पायरी चढू नका! केसपेपर काढा! जे दुखणं सरकारच्या वहीत नाही ते सरकारच्या लेखी झालेलंच नाही. तुम्ही दहा रुपयांची गोळी गुपचूप विकत घेता आणि आरोग्य केंद्राचा साठा कमी होतो, कारण कागदावर गाव ठणठणीत!" टाळ्या पडल्या. आजही यातलं एक अक्षर मागे घेणार नाही.

पण गावाने माझं ऐकलं ते असं. वहीत नोंद झाली. सगळ्या गावाच्या वतीने एकट्या कमलची. सरकारला आता वाटत असेल की या आळीत एकच बाई राहते आणि ती मरायला टेकली आहे.

संध्याकाळी हसीना आपाकडे. शिलाईचं मशीन थांबवलं नाही तिने.

"आपा, डोक्याच्या गोळ्या तू मागवल्या होत्यास?"

"एकदा मागवल्या."

"तुझ्यासाठी?"

"माझं डोकं कशाला दुखंल? मी काय सभेला बसते?"

"मग कुणाला दिल्यास?"

"दिल्या एकाला." दोरा तोडला. "जबान दिलीय बाई. तुमी मला गुडघ्याचं इचारा, सगळं सांगते."

एकाला, म्हणाली. एकीला नव्हे.

११ जानेवारी, रविवार

शेतावर पोपटी, मडक्यात भाजायच्या शेंगांची. या वर्षी वाल उशिरा भरला, पण शेंग गोड. मडकं उतरेपर्यंत सगळे बांधावर. मी सगळ्यांसमोरच विचारलं, गेला महिना-दीड महिना डोकं कुणाचं दुखतंय? लाजू नका, प्रश्न जिवाचा आहे.

कमलचा सासरा: "बाई, डोकं सगळ्यांचंच दुखतं. तुमचा फोन वाजला की कळतं, आता सभा."

"मग तुमचं दुखतंय का?"

"माझं नाय. मी बहिरा हाय, सुखी हाय."

हशा. मडकं फुटलं, शेंगा वाटल्या, विषय संपला. एकूण तीन बायकांनी कबूल केलं की गोळ्या मागवल्या होत्या. तिघींचं उत्तर एकच: "माझ्यासाठी नाय." कुणासाठी, ते नाही. या सगळ्या मिळून कुणाला झाकताहेत? आणि माझ्यापासून का? माझ्यासमोर तर बायकांनी नवऱ्याचा मार सांगितला आहे, गर्भाशयाचे आजार सांगितले आहेत. डोकेदुखीत लपवण्यासारखं काय असतं?

दत्तारामने शेंगा फारशा खाल्ल्या नाहीत. ऊन लागलं म्हणाला. (इथे मी नवऱ्याला अरे-तुरे करते. तोंडावर अहो. चाळीस वर्षांत दोन्हीची सवय झाली आहे.)

१३ जानेवारी

चौक नाक्यावर मेडिकलमध्ये. म्हणजे मेडिकलसमोर.

"बाई, तुमी? हितं?"

"खाली उभी आहे. पायरी चढलेली नाही."

दुकानदार हसला, काउंटरवरून वाकून बघितलं खरंच चढले नाही ना ते. मग म्हणाला, "तुमच्या भाषणानं धंदा नाय पडला हां. फक्त गिऱ्हाइकाची वेळ बदलली. तुमी पाच वाजता वाचनालयात जाता ना, तवा हितं गर्दी."

राग आला आणि हसूही. विचारलं, तिकडे फुकट मिळतं ते इकडे विकत का घेतात? मला वाटलं होतं सांगेल की रांग असते, गोळ्या संपतात, सरकारी गोळीवर विश्वास नाही. हे सगळं माझ्या भाषणात आहे, प्रत्येकाला उत्तर तयार आहे.

"त्ये असतंच," म्हणाला. "पन खरं सांगू? हितं कोन नाव इचारत नाय."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. नाव विचारलं तर बिघडतं काय? मी तर आयुष्यभर लोकांना सांगत आले की नाव सांगा, सही करा, पुढे या.

सव्वीस तारखेला कर्जतला महिला मंडळात व्याख्यान. विषय त्यांना कळवून झालाय: 'औषध हा हक्क'. मुद्दे काढायला बसले. टेबलावर तीन पुस्तकं उघडी, एका ओळीपुढे गेले नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

कमल परत आली. डॉक्टरीणबाई नुसत्या बघून म्हणाल्या, "आलं का डोकं?" ती म्हणाली, नाय आलं. म्हणे, "मला त्यांच्यासमोर घाम फुटतो बाई. चोरी माझी नाय आनि चोरासारखी मीच उभी."

दुपारी मशीनला कपडे लावायला घेतले. दत्तारामचे खिसे उलटे करणं हे माझं काम, तो रुमाल, खिळे, बियाणं, काहीही ठेवतो. चेक्सच्या शर्टाच्या खिशात कात्रीने कापलेल्या पट्टीचा तुकडा. दोन गोळ्या उरलेल्या. मागच्या बाजूला छापलेलं: सरकारी पुरवठा, विक्रीसाठी नाही.

आम्ही दोघंही या हिवाळ्यात आरोग्य केंद्रात गेलेलो नाही.

तुकडा परत खिशात घातला. शर्ट मशीनमध्ये नाही टाकला, खुंटीला लावला. का, ते माहीत नाही.

१६ जानेवारी

काल रात्रीपासून मी त्याच्याशी या विषयावर बोललेले नाही. मी! जेवताना बघत होते. वाढताना, पाणी पिताना. डाव्या हाताने कपाळ दाबतो. कधीपासून दाबतो? मी शेवटचं त्याच्याकडे नीट कधी बघितलं?

हसीना आपाकडे गेले. दारातच म्हटलं, "आपा, माझ्याच घरात?"

या वेळी तिने मशीन थांबवलं. "मग काय सांगनार होते? भाऊंनी शपथ घातली, आमच्या बाईला कळता नये. गणपतीपासून दुखतंय त्यांचं. आधी सोता आनायचे मेडिकलमधून. मग तुमचं भाषण झालं."

"मग?"

"मग काय! बाईंचा नवराच मेडिकलच्या पायरीवर? नाक्यावर चार जन बसलेले असतात, तुमाला दुसऱ्या दिवशी समजलं असतं. म्हनून आमाला सांगायचे. दर हप्त्याला येगळीला, म्हंजे कोन मोजनार नाय."

"आणि आरोग्य केंद्रात जायचं नाही?"

"ते तुमी त्यांना इचारा. मी इचारलं तर बोलले, तिथं लिहून घेतात."

गणपतीपासून. सप्टेंबर, ऑक्टोबर... सहा गुरुवार ही नुसती शेपटी. माझ्या भाषणाने एक दार बंद केलं आणि दुसऱ्यात तो शिरायला तयार नाही.

१७ जानेवारी

सकाळी चहाला पट्टीचा तुकडा बशीत ठेवला.

त्याने बघितलं. चहा संपवला.

"मला का नाही सांगितलं?" मी.

"तू भाषण केलं असतंस."

मी तोंड उघडलं आणि खरंच भाषण केलं. पंधरा मिनिटं. स्वतःच्या शरीराशी खोटेपणा, डॉक्टरांनी काय सांगितलंय, लिव्हर, किडनी, एकीकडे गावाला सांगायचं आणि स्वतःच्या घरात... मध्येच मला माझाच आवाज ऐकू आला. सभेतला. मीटरभर अंतरावर बसलेल्या माणसाशी मी हॉलच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलत होते.

तो म्हणाला, "झालं?"

"नाही. केसपेपरला एवढं काय घाबरता?"

"एका गोळीसाठी नाव, वय, गाव, काय होतं, कधीपासून होतं. तेवढं सांगण्यापेक्षा दहा रुपये बरे. माझं डोकं आहे, माझे पैसे आहेत. बास." टोपी घेतली, वालाला पाणी द्यायला गेला.

हट्ट म्हणून सोडून देता आलं असतं. पण तो हट्टी नाही. चाळीस वर्षांत भाजीत मीठ कमी पडलं तरी न बोलणारा माणूस. मग इथेच काय?

१९ जानेवारी, सोमवार

आज बोलला. मी विचारलं नव्हतं. वालाच्या शेंगा सोलत होतो दोघं, हात कामात असले की त्याला बोलता येतं.

रसायनीतल्या कंपनीतली गोष्ट. लग्नाआधीची, तो कच्चा कामगार होता तेव्हाची. गेटच्या आत कंपनीचा दवाखाना. कंपाउंडर चांगला, गोळ्या चांगल्या, फुकट. प्लांटमध्ये सॉल्व्हंटचा वास, दोन तास झाले की कपाळ धरायचं. सगळे जायचे. कंपाउंडर गोळी द्यायचा आणि रजिस्टरमध्ये लिहायचा: तारीख, तिकीट नंबर, डोकेदुखी.

मग पर्मनंट करायची यादी निघाली. याला साहेबाने बोलावलं. टेबलावर तेच रजिस्टर. साहेब पानं उलटत म्हणाला, "तुमचं डोकं फार दुखतं. प्लांटचं काम झेपेल ना?" याचं पर्मनंट एक वर्ष पुढे गेलं. याच्याबरोबर त्याच प्लांटमध्ये रघुनाथ म्हणून होता, त्याचं नाव रजिस्टरमध्ये दुप्पट. तो यादीतच आला नाही. परत गावी गेला.

"त्या दिवसापासून प्लांटमधलं कुणी दवाखान्यात गेलं नाही. पाळीवर येताना मोहोपाड्यातून एकजण सगळ्यांसाठी पाकीट आणायचा. पाळीपाळीने. रजिस्टर साफ."

मी म्हटलं, अहो, पण त्याच सुमारास मी मोहोपाड्याच्या शाळेत शिकवत होते. गेटसभेत बोलले होते. नोंद करा, प्रत्येक त्रासाची नोंद करा.

"हो. मी होतो."

"गर्दीत?"

"पुढून तिसऱ्या रांगेत. चांगलं बोललीस. टाळ्या वाजवल्या मी. आणि मग पाळीला गेलो, पाकीट आणायची माझी पाळी होती."

किती शांतपणे सांगतो. लग्नाआधी दोन वर्षं तो मला ओळखत होता, टाळ्या वाजवत होता आणि माझं ऐकत नव्हता. आणि हे त्याने आज सांगितलं, सासष्टाव्या वर्षी!

नंतरचं मला माहीत आहे. युनियनने वासाची तक्रार केली तेव्हा कंपनीने रजिस्टर पुढे केलं. वर्षानुवर्षं डोकेदुखीची एक नोंद नाही. त्रास कुठंय? पुरावा कुठंय? तेव्हा मी किती चिडले होते कामगारांवर! अडाणी, भित्रे म्हणाले होते. व्यासपीठावरून नाही, घरी. याच्याशी. हा ऐकून घेत होता.

२० जानेवारी

कालचंच फिरतंय. सगळ्यांनी लिहिलं असतं तर? पण सगळे एकदम लिहीत नाहीत. पहिला जो लिहितो तो रघुनाथ होतो. आणि कुणीच लिहिलं नाही तर साहेब जिंकतो. मी बरोबर होते. दत्तारामही बरोबर होता. हे दोन्ही एकाच वहीत कसं मावतं? इतकी वर्षं वाचतेय, बोलतेय, ही एवढी साधी अडचण माझ्या कुठल्याच भाषणात आली नव्हती. कारण मी कधी विचारलंच नाही, सांगत गेले.

आरोग्य केंद्राची वही म्हणजे कंपनीचं रजिस्टर नाही, हे त्याला कळतं. मी म्हटलं तसं. तो म्हणाला, "कळतं गं. पण पेन उघडलं की माझं तोंड बंद होतं."

२२ जानेवारी, गुरुवार

कमल सकाळी धावत आली. "बाई, भाऊ बांधावर बसलेत डोळे मिटून. हाक मारली तर हात केला नुसता."

गेले. डोकं गुडघ्यांत. ओकारी काढलेली, मातीने झाकलेली. माझ्या खांद्याला धरून उठला, कधी धरत नाही. घरी आणलं, अंधार केला. तीन तासांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य: "पाणी कुणी बंद केलं वालाचं?"

"मी केलं. आता चला आरोग्य केंद्रात. रिक्षा बोलावते."

"बघू."

कमल दारात उभी होती, तीच तडकली. "भाऊ, बघू काय? तुमच्या डोक्यापायी मी तिथं चोर झाले. आता माझी सासू खोकून मेली तरी त्या बाई मला गोळी देताना दहा प्रश्न इचारतात. तुमी जात नाय तर मी कागद जाळून टाकते, बसा सगळे!"

दत्ताराम खजील झाला. पण गेला नाही. भिंतीकडे तोंड करून झोपला.

मला भीती वाटते. हे वाक्य लिहायला आठवडा लागला.

२६ जानेवारी, सोमवार

शाळेत झेंडावंदन, दुपारी कर्जत. दत्ताराम बरोबर आला. मी नको म्हणत होते, म्हणाला आज बरं आहे. नेहमीसारखा शेवटच्या रांगेत, पंख्याखाली.

उभी राहिले. हातात मुद्द्यांचा कागद, पहिलं वाक्य पाठ. ते बोललेच नाही. म्हटलं, आज मी सांगणार नाही, विचारणार आहे. आत्ता ज्यांच्या पर्समध्ये डोक्याची नाहीतर अंगदुखीची गोळी असेल त्यांनी हात वर करा.

हात कसले, पर्सच उघडल्या. सगळीकडून पट्ट्यांची चुरचुर. बायका एकमेकींच्या बघून हसायला लागल्या. "तुझी पन तीच का गं?" "अगं ही पित्त वाढवते, ती पिवळी घे."

विचारलं, सरकारी का नाही आणत? मधल्या रांगेतून एकजण, ओळखत नाही, बहुधा खानावळीत पोळ्या करते: "बाई, सरकारी गोळी फुकट हाय, पन दिवस फुकट नाय." याला मी ग्रामसभेत तडाखेबंद उत्तर दिलं असतं. आज म्हटलं, बरोबर. पुढे?

पुढे एक तरुण मुलगी उभी राहिली, सगळ्यांकडे पाठ होईल अशी: "घरात कळू नये म्हणून." बसली. कुणी हसलं नाही.

मग विचारलं, कुठे लिहिलं जाऊ नये म्हणून कोण विकत घेतं? मग एक हात. मग मागून आणखी. शेवटच्या रांगेकडे मी बघायचं टाळलं.

अध्यक्षबाई आभाराच्या वेळी जरा नाराज. "आज मॅडमनी भाषण केलं नाही, गप्पा मारल्या."

परतीच्या एसटीत दत्ताराम खिडकीशी. चौक आलं तसा म्हणाला:

"माईक लांब धरत होतीस."

"हं."

थोड्या वेळाने, "केसपेपरवर कंपनीचं नाव लिहावं लागतं का?"

"नाही."

"व्यवसाय?"

"विचारतात कधी कधी. शेती सांगा."

"शेती." खिडकीबाहेर बघत. "शेती, बरं."

२९ जानेवारी, गुरुवार

गेलो. तिघं. कमल पुढे, वरातीतल्यासारखी. डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर याला उभं करून म्हणाली, "घ्या. आनलं डोकं."

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीपेक्षा लहान, बोलणं देशावरचं. आधी पेन खाली ठेवलं, मग याच्याकडे बघितलं. मुद्दाम ठेवलं की सहज, कुणास ठाऊक. पण मला दिसलं आणि त्यालाही.

बीपी थोडं जास्त. डोळे तपासले, चालायला लावलं, रक्त घेतलं, ते पुढे तपासायला जाईल. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. मग विचारलं, "महिन्याला किती गोळ्या होतात?"

"लागतील तशा."

"लागतात किती?"

"मोजल्या नाहीत."

"रोज?"

माझ्याकडे न बघता, "रोज. कधी दोन, कधी चार."

गणपतीपासूनचे दिवस मी मनात चाराने गुणत गेले.

त्या म्हणाल्या, "काका, कधी कधी गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. इतक्या दिवसांच्या, रोजच्या. तसं असेल. बीपीचं असेल. दुसरंही काही असू शकतं, आज सांगता येणार नाही. तुम्ही किती खाल्ल्या ते कुठेच लिहिलेलं नाही. मी अंधारात आहे."

मला राहवलं नाही म्हणून विचारलं, मेडिकलमधून घेऊच नयेत असं नियमाने का नाही करत? त्या हसल्या. "एका तापाच्या गोळीसाठी तुमच्या कमलबाईंनी खाडा करावा असं मला नाही वाटत. घ्या विकत. पण चार दिवसांत थांबलं नाही तर इकडे या, आणि काय खाल्लं ते सांगा."

"आणि ज्याच्याकडे विकत घ्यायला नाही त्याचं?"

"त्याच्यासाठी मी रोज साठा मागते. तुम्हीही मागा. तुमचा आवाज मोठा आहे म्हणे."

कमल खो खो.

याला सांगितलं, महिनाभर वही ठेवा. तारीख, वेळ, डोकं किती दुखलं, गोळी घेतली का, कुठली. मग या. "तुमची वही, तुमच्याकडेच. मला फक्त दाखवायची."

निघताना म्हणाल्या, मावशी, तुमचंही बीपी बघूया का, आलाच आहात तर. मी म्हटलं, आज नको, नंतर येते. चटकन म्हटलं. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं. टेबलावर पेन उघडं होतं.

१ फेब्रुवारी, रविवार

चौकातून स्वतः जाऊन वही आणली. चाळीस पानी, एकरेघी, कव्हरवर मोर. मी म्हटलं घरात डायऱ्या पडल्यात, भेट आलेल्या. नको म्हणाला.

"आणि तू वाचायची नाही."

"डॉक्टरांनी गोळ्याच लिहायला सांगितल्यात ना?"

"हो."

"मग वाचलं तर काय होतं?"

"वाचायची नाही."

कबूल केलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी वाचून दाखवत फिरलेल्या बाईने.

कपाटात नाही, कुलपात नाही. टीव्हीशेजारी उघड्यावर ठेवतो. हा विश्वास की परीक्षा?

३ फेब्रुवारी

काल एकही गोळी नाही, असं कमलला सांगत होता. मला नाही. रात्री फार दुखलं असणार, पहाटे अंगणात फेऱ्या घालत होता. मी उठले नाही. उठले असते तर बोलले असते.

हसीना आपा विचारून गेली, भाऊ कसे हायत? म्हटलं, वही लिहिताहेत. "अल्ला, आता घरात दोन दोन!"

आळीचा कागद बंद झाला. कमलने सुचवलंय, दर गुरुवारी दोघी-तिघींनी खरोखरच्या जायचं, पाळीपाळीने, आपापल्या नावाने, आणि बाकीच्यांनी त्यांच्या घरचं बघायचं. चालेल की नाही, माहीत नाही. मी भाषण केलेलं नाही. माझं नाव दुसऱ्या गुरुवारी घातलंय तिने, मला न विचारता.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रक्ताचा रिपोर्ट आलेला नाही. पुढच्या आठवड्यात म्हणे.

दुपारी मी आत वाचत पडले होते. बाहेरून हाक. "अगं, आज तारीख किती?"

"पाच."

"वाजले किती?"

"सव्वाचार."

मग पेनाचा आवाज. कागद जाड नाही त्या वहीचा, आत ऐकू येतं. वाटलं, दोन शब्द लिहील आणि मिटेल. पुस्तक उघडं धरून पडून राहिले. पान उलटल्याचा आवाज आला. परत पेन. मी घड्याळ बघितलं, पावणेपाच.

एका गोळीला इतकं काय लिहायचं असतं?